साडेआठ महिने, २३ सेशन: ‘मिळून बघू’ म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडचा माझा अनुभव

मागच्या आठवड्यात माझं २३वं सेशन झालं. पुढचं दोन महिन्यांनी, तेही मला गरज वाटली तर. साडेआठ महिने झाले, म्हणून आता लिहितोय. तिसऱ्या सेशननंतर लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक उतरलं असतं, सातव्यानंतर बसलो असतो तर नुसती तक्रार. ज्या मानसशास्त्रज्ञांकडे मी जातो त्यांचं नाव इथे देत नाही. त्या कशा काम करतात आणि ते मला कसं लागू पडलं, एवढंच सांगायचंय. थेरपिस्ट शोधत होतो तेव्हा अशी माहिती मला कुठे सापडली नव्हती.

त्रास असा होता. एका मीटिंगमध्ये बोलता बोलता छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आता आपण इथेच कोसळणार अशी खात्री झाली. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं. ईसीजी, इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड, सगळं नॉर्मल. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि मग आठवड्यातून चार-पाच वेळा. मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके दिसायचे. दिवसातून साठ-सत्तर वेळा मी ते बघायला लागलो. लिफ्ट सोडली, कारण आत अडकलो तर? जिना सोडला, कारण धाप लागली तर? दाराजवळची खुर्ची मिळाली नाही की पोटात गोळा यायचा. घरच्यांना सांगायची लाज वाटायची, कारण रिपोर्ट तर सगळे चांगले होते.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांतला फरक मलाही नीट माहीत नव्हता. पहिला डॉक्टर असतो, औषध लिहून देतो. दुसरा मानसशास्त्र शिकलेला असतो, बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतो. पहिल्या भेटीत बाईंनी हे स्वतःहून सांगितलं. औषधाची गरज वाटली तर कुठल्या टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवेन, हेही सांगितलं. माझे रिपोर्ट त्यांनी आधी मागून घेतले. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी अशीच धडधड होते, त्यामुळे तपासण्या झाल्याशिवाय पॅनिक (अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका) म्हणून सुरुवात करत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

मग त्यांनी विचारलं, ‘माझ्याबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?’ हा प्रश्न मला अनपेक्षित होता. डॉक्टरांच्या भिंतीवरची पदवी आपण वाचतो, पण ‘तुम्ही कुठून आलात’ असं विचारायची भीड पडते. मी चाचरत विचारलं आणि त्यांनी सविस्तर उत्तर दिलं: शिक्षण, अनुभवी मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखालचं प्रशिक्षण, कुठल्या अडचणींवर काम करतात आणि कुठल्या दुसऱ्यांकडे पाठवतात. लहान मुलं आणि खाण्याशी संबंधित आजार त्या घेत नाहीत. अजूनही महिन्यातून एकदा आपल्या केसेस एका वरिष्ठांपुढे नाव न सांगता मांडतात, आणि माझी मांडायला माझी हरकत आहे का हेही विचारलं. इथे सांगितलेली गोष्ट बाहेर कधी जाऊ शकते, तेही त्याच दिवशी स्पष्ट केलं. माझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर, लहान मुलाला इजा होतेय असं कळलं तर, किंवा कायद्याने भाग पाडलं तर. बाकी काही नाही.

त्यांच्या पार्श्वभूमीतली एक गोष्ट पुढे फार उपयोगाची ठरली. प्रॅक्टिस सुरू करण्याआधी सात वर्षं त्या एका हॉस्पिटलच्या हृदयरोग पुनर्वसन विभागात होत्या. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांना सिगारेट सोडायला, चालायला, औषधं वेळेवर घ्यायला तयार करायचं, हे त्यांचं काम. सुरुवातीची दोन वर्षं त्या समजावून सांगायच्या, लोक मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी तसेच्या तसे परत यायचे. एकदा एक आजोबा म्हणाले, ‘बाई, तुम्ही सांगता ते मला पाठ आहे. मला का जमत नाही ते विचारा की.’ तेव्हापासून आपली पद्धत बदलली, असं त्या म्हणाल्या. नंतर त्यांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं प्रशिक्षण घेतलं. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येवर काम करताना मांडली. बदलायची कारणं थेरपिस्टने ऐकवायची नाहीत, ती समोरच्याच्या तोंडून यायला हवीत, असा तिचा गाभा.

हिला हृदय कळतं, असं मी मनाशी म्हटलं आणि निम्मा निर्धास्त झालो. खरं तर इथेच एक घोळ सुरू झाला. प्रत्येक सेशनमध्ये मी काही ना काही निमित्ताने विचारायचो, ‘डाव्या खांद्यात कळ आली होती, हे हार्टचं नाही ना?’ सुरुवातीला त्या उत्तर द्यायच्या. चौथ्या सेशनला मात्र म्हणाल्या, ‘मी नाही म्हटलं की तुम्हाला किती वेळ बरं वाटतं?’ मी खरं सांगितलं, संध्याकाळपर्यंत. ‘म्हणजे मी तुमचं दुसरं घड्याळ झालेय का?’ त्या हे इतक्या सहजपणे म्हणाल्या की मला राग आला नाही, पण मी गप्प झालो. मग दोघांनी मिळून ठरवलं. लक्षण नवीन असेल, वेगळं असेल तर डॉक्टरांकडे जायचं. जुनंच असेल तर तो प्रश्न मी विचारायचा नाही आणि विचारलाच तर त्या उत्तर देणार नाहीत. हा करार मी माझ्या हाताने वहीत लिहिला. त्यांनी नुसता नियम घातला असता तर मी तो आठवडाभरात मोडला असता, एवढं मी स्वतःला ओळखतो.

‘मिळून काम करणं’ हा शब्द आजकाल कोणीही वापरतं, म्हणून त्याचा नेमका अर्थ काय हे मी नंतर थोडं वाचलं. सामान्य मानसोपचारात ‘पेशंट’ऐवजी ‘क्लायंट’ म्हणायला सुरुवात करणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं नाव ठळक आहे, १९४०च्या दशकातलं. समोरचा माणूस स्वतःबद्दल जाणकार आहे, हा त्यांचा आग्रह. पुढे १९७९ साली मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या उपचाराची मांडणी करताना एक कल्पना पुढे आणली: थेरपिस्ट आणि क्लायंट यांनी दोन संशोधकांसारखं एका बाजूला बसायचं आणि विचार खरा की खोटा यावर वाद घालत न बसता तो तपासून बघायचा. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्ट काय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि दोघांमधला विश्वास. मला यातला दुसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्यावर कोणाचंही एकमत होतं. ‘भीती जायला हवी’ याला कोण नाही म्हणणार? अडतं ते दुसऱ्यावर, आणि माझंही तिथेच अडलं. पण त्याआधी एक प्रसंग सांगायला हवा.

तिसऱ्या सेशनला त्यांनी एक मोठा कागद टेबलावर ठेवला. पॅनिकचं एक चक्र असतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये ते मांडलं. शरीरात काहीतरी जाणवतं, आपण त्याचा भयंकर अर्थ लावतो, त्यामुळे भीती वाढते, भीतीमुळे शरीरातल्या जाणिवा आणखी वाढतात आणि मग तो अर्थ खराच वाटायला लागतो. त्यांनी चक्र काढलं आणि अर्थाच्या जागी लिहिलं, ‘मी मरणार’. मी कागदाकडे बराच वेळ बघत राहिलो. ते माझं नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘काहीतरी खटकतंय का?’ मी म्हणालो, मरण्याची भीती आहे, पण त्याहून मोठी भीती चारचौघांत कोसळण्याची आहे. लोक धावत येतील, मला उचलतील, आणि त्यानंतर त्या ऑफिसमध्ये मी कायमचा ‘तो पडलेला माणूस’ होईन. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि मला ते खोडून माझ्या शब्दांत लिहायला सांगितलं.

त्या खोडाखोडीने पुढचे सगळे सराव बदलले. मरणाची भीती समजून आम्ही घरातच नाडी वाढवण्याचे सराव करत बसलो असतो. माझी भीती लोकांसमोरची होती, म्हणून निम्मे प्रयोग लोकांसमोर करायचे ठरले. भर मीटिंगमध्ये ‘मला जरा गरगरतंय, दोन मिनिटं थांबतो’ असं मुद्दाम म्हणायचं आणि लोक खरोखर काय करतात ते बघायचं. लोकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अजेंड्यावरचा पुढचा मुद्दा घेतला. दुसऱ्या दिवशी कोणाला आठवतही नव्हतं. चक्रात ‘मी मरणार’ तसंच राहिलं असतं तर हा प्रयोग कधी झालाच नसता.

आता अडलं ते सांगतो. प्रत्येक सेशनच्या शेवटी त्या एक छोटा कागद देतात. त्यावर दहा-दहा सेंटीमीटरच्या चार रेघा असतात. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं का, तुम्हाला हव्या त्या विषयावर बोलणं झालं का, पद्धत तुम्हाला जमणारी होती का, आणि एकूण सेशन कसं वाटलं. रेघेवर खूण करायची, शेवटी पट्टीने मोजायचं, एकूण ४० पैकी गुण. ३६च्या खाली गेलं तर त्यावर बोलायचं असा संकेत आहे. मी दर वेळी चारही रेघांच्या टोकाला खूण करायचो. समोरचा माणूस एवढी मेहनत घेतोय, त्याला कमी गुण कसे द्यायचे?

पाचव्या सेशनला घड्याळ दिवसभर घरी ठेवून ऑफिसला जायचं असा सराव ठरला. ठरला म्हणजे त्यांनी सुचवला आणि मी हो म्हणालो. मी तो केला नाही. एकही दिवस नाही. सहाव्या सेशनला सांगितलं की तीन दिवस केला, थोडं अवघड गेलं. सातव्याला सांगितलं, जमतंय. दोन्ही वेळा ४० पैकी ४०. घरी येताना मात्र चीड यायची. ही काय पद्धत, मला कोणी विचारलंच नाही, यांना काय माहीत घड्याळाशिवाय काय होतं! थेरपी सोडायचं मी जवळजवळ पक्कं केलं होतं. कोणी तेव्हा विचारलं असतं तर ‘नुसते गृहपाठ देतात’ असं सांगितलं असतं.

आठव्या सेशनला त्यांनी सुरुवातीलाच माझे सातही कागद टेबलावर ओळीने मांडले. म्हणाल्या, ‘सात वेळा पैकीच्या पैकी. मला इतकं चांगलं काम करता येत नाही. कुठेतरी मी तुम्हाला बोलायला जागा ठेवलेली नाही.’ त्यांनी मला जाब विचारला नाही, खोटं पकडल्याचा सूर लावला नाही. चूक त्यांनी स्वतःकडे घेतली आणि थांबल्या. चांगली दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग मी सगळं सांगितलं: घड्याळाचं, खोटं बोलल्याचं, चिडीचं, सोडायच्या विचाराचं.

त्यांनी समजूत घातली नाही. विचारलं, ‘मी सराव सुचवला तेव्हा तुम्ही हो म्हणालात, त्या वेळी आत काय चाललं होतं?’ मी म्हणालो, नाही म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं. आणि बोलता बोलता लक्षात आलं की मीटिंगमध्येही मी हेच करतो. जमणार नाही अशा कामाला हो म्हणतो आणि मग ती खोली सोडून पळावंसं वाटतं. माझी धडधड ज्या ज्या मीटिंगमध्ये झाली त्यांची यादी आम्ही त्या दिवशी काढली. बहुतेक ठिकाणी मी काहीतरी कबूल करून बसलो होतो. तोवरच्या सात सेशनमध्ये एवढी महत्त्वाची गोष्ट हाती लागली नव्हती.

मग घड्याळाचा सराव मी नव्याने आखला. दिवसभर नाही, फक्त एक मीटिंग. घड्याळ घरी नाही, हातातच, पण काच आतल्या बाजूला. आधी अंदाज लिहायचा: नाडी बघितली नाही तर पॅनिक अटॅक येईल, खात्री ९० टक्के. नंतर काय झालं ते लिहायचं. पहिल्या दिवशी भीती शंभरपैकी ७० वर गेली आणि मीटिंग संपेपर्यंत ३५ वर आली. अटॅक आला नाही. चौथ्या दिवशी मी अंदाज ४० टक्के लिहिला. सहा आठवड्यांनी घड्याळ कपाटात गेलं. आठव्या सेशनच्या शेवटी चार रेघांवर माझे गुण ३३ आले होते. त्या हसून म्हणाल्या, आता कामाला लागलो आपण.

जलद श्वासाच्या सरावाबद्दल अनेकांना उत्सुकता असते, म्हणून लिहितो. एक मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायचा. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. पॅनिकमध्ये नेमकं हेच होतं, पण इथे ते आपण स्वतः घडवून आणलेलं असतं. बाई माझ्यासमोर बसून माझ्याबरोबर तोच सराव करत होत्या, त्यांच्याही बोटांना मुंग्या आल्या. कोसळण्याच्या भीतीबद्दल त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली: शुद्ध हरपते ती साधारणपणे रक्तदाब पडल्यावर, आणि पॅनिकमध्ये तो सहसा वाढलेला असतो. मग आम्ही दोघं जागच्या जागी धावलो. हृदयाचा आजार, दमा, फिट्स, गरोदरपण असं काही असेल तर हे सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नसतात. माझ्या ट्रेडमिल टेस्टचा कागद त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढून बघितला होता.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. ५० मिनिटं म्हणजे ५० मिनिटं. एकदा फार महत्त्वाचं काही ४७व्या मिनिटाला तोंडून निघालं आणि ते आठवडाभर तसंच राहिलं. दोन सेशनच्या मध्ये फोन नाही, ईमेल फक्त वेळ ठरवायला. कारण मला कळतं, तरी पहिल्या महिन्यात ते फार एकटं पाडणारं वाटलं. तातडीच्या वेळी कुठे जायचं हे त्यांनी लिहून दिलं होतं, पण माझा त्रास तातडीचा नव्हता, नुसता असह्य होता. व्हिडिओवरची दोन सेशन फिकी झाली, श्वासाचे सराव तर जमलेच नाहीत. आणि ही पद्धत दमवते. प्रत्येक गोष्टीत तुम्हाला मत विचारलं जातं. अकराव्या सेशनला मी तीन रात्री झोपलो नव्हतो आणि स्पष्ट म्हणालो, आज मला काही विचारू नका, सांगा काय करू. त्या म्हणाल्या, ‘बरं, आजच्यापुरतं मी ठरवते,’ आणि खरंच तीन साध्या गोष्टी सांगितल्या. पुढच्या वेळी पुन्हा पेन माझ्याकडे आलं.

आकडे हवे असतील त्यांच्यासाठी: जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी महिन्यातून एकदा भरायचो. गेल्या दोन आठवड्यांत चिंता किती होती, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २१. १५ किंवा त्याहून जास्त आलं की ती तीव्र मानतात. मी १७ वर होतो, आता ५ वर आहे. पहिली १४ सेशन दर आठवड्याला, पुढची आठ पंधरवड्याने आणि शेवटचं महिन्याने. सहाव्या महिन्यात एक जोरदार अटॅक आला, जिन्यात, एकटा असताना. मला वाटलं सगळं वाहून गेलं. पण ‘पुन्हा झालं तर’ हे पान मी स्वतः लिहून ठेवलं होतं. जिन्यातच बसून ते वाचलं, बसल्या बसल्या वाट बघितली आणि नंतर उरलेले मजले चढलो. त्यानंतर आजपर्यंत नाही.

ज्यांना थेट सल्ला हवा असतो, ‘हे करा, ते करू नका’ ऐकून ज्यांना बरं वाटतं, त्यांना हे सुरुवातीला रेंगाळलेलं वाटेल. मलाही वाटलं होतं. तरी थेरपिस्ट निवडताना दोन प्रश्न जरूर विचारा: तुम्ही आजवर कोणत्या प्रकारच्या लोकांबरोबर काम केलंय, आणि मला तुमचं म्हणणं पटलं नाही तर आपण काय करायचं? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस अवघडला तर मी तिथे दुसऱ्यांदा जाणार नाही.

विमानप्रवास अजून झालेला नाही. दार बंद झाल्यावर उतरता येत नाही, ही कल्पना अजून जड जाते. शेवटच्या सेशनला त्यांनी विचारलं, पुढच्या भेटीआधी करायचा की नंतर? मी म्हणालो, आधी. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, खिडकीची जागा घेतली आहे, आणि वहीत अंदाज लिहिलाय: अटॅक येईल, खात्री ६० टक्के.